बाटलीतला पहिलवान

७ जानेवारी १९४६. सोनई.
नगरहून साहेबांचा निरोप आला. मिशनच्या शाळांना सुपरवायझर नेमायचा आहे आणि माझं नाव सर्वांत वर आहे. फक्त मेडिकल सर्टिफिकेट हवं. माझी प्रकृती उत्तम आहे. संध्याकाळी पाय सुजतात, पण तो दोष बुटांचा.
सुपरवायझरला सायकल मिळते. सायकल आली की पाय सुजायचं कारणच उरणार नाही.
दयाला ही बातमी सांगितली. ती म्हणाली, आधी पाय डॉक्टरला दाखवा. बायकोला बढतीतलं काही कळत नाही.

१० जानेवारी.
दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर म्हणजे आपला योहान. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता. अजून मला पाहिलं की उठून उभा राहतो. बरं वाटलं.
त्याने नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला तो भरेचना. वडील कशाने गेले, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वयोमानाने. (अंग सुजून गेले. पण त्याला आता वीस वर्षं झाली.)
मग त्याने समजावून सांगितलं. आपल्या स्नायूंत क्रिएटिनिन नावाचा पदार्थ आपोआप तयार होत असतो. ज्याचं जेवढं मांस, त्याचं तेवढं क्रिएटिनिन. मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात. रक्तात किती राहिलं आणि लघवीत किती उतरलं ते मोजलं की गाळणी कशी चालते ते कळतं. बाहेरून काही टोचायला नको, देहच आपला हिशेब देतो. फार सुंदर कल्पना आहे. उद्या पाचवीच्या वर्गाला सांगणार.
एक भली मोठी बाटली दिली. एक पुरा दिवस आणि एक रात्र जे होईल ते सगळं हिच्यात, थेंबही बाहेर नको, असं म्हणाला.
पाचवीला सांगणं रहित.

१२ जानेवारी. शनिवार.
शाळा सकाळची, म्हणून आजचा मुहूर्त. बाटली कणगीमागे ठेवली. आरंभ उत्तम.
दुपारी शेजारच्या रतनबाई विरजण मागायला आल्या आणि नेमकी बाटली दिसली. "मास्तर, राकेल गावलं व्हय तुमाला? आमाला अर्धी चिमनी तरी द्या की." सध्या गावात रॉकेल म्हणजे अमृत. मी घाईत हो म्हणून बसलो. त्या बुधली आणायला पळाल्या. त्या परत यायच्या आत बाटली परसात ओतली आणि सांडली म्हणून सांगितलं. त्या हळहळत भुईचा वास घ्यायला वाकल्या.
दया स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

१३ जानेवारी.
उपासनेत लक्ष लागलं नाही. शेवटच्या दिवसांत वडिलांचे डोळे सुजून मिटले होते. हाका मारल्या की भलतीकडेच तोंड करायचे.
बुटांचाच दोष आहे. पण योहानच्या मोजायच्या यंत्राचं काय सांगावं. यंत्र चुकलं तर सुपरवायझरची जागा जायची.

१४ जानेवारी. संक्रांत.
मार्ग सापडला!
रतनबाईंचा सहादेव तिळगूळ घेऊन आला. बावीस वर्षांचा, दारात उभा राहिला की घरात अंधार होतो. यात्रेच्या कुस्त्यांची तयारी चालू आहे. त्याला म्हटलं, डॉक्टरलोक शक्तीचं औषध शोधतायत, त्यासाठी चांगल्या पहिलवानाचं स्पेसिमेन पाहिजे. स्पेसिमेन म्हणजे काय तेही सांगितलं. तो लाजला. मग म्हणाला, "माझ्या मुतात येवढं बळ हाय मास्तर?"
हे खोटं नव्हे. प्रयोगच आहे. औषधही निघेल एखाद वेळी.

१६ जानेवारी.
बाटली काठोकाठ भरून आली. घोंगडीत गुंडाळून मोटारीने नेली. रक्त मात्र माझं दिलं. म्हणजे परीक्षा निम्मी तरी खरी आहे.
योहानने थोडी लघवी नळीत घेऊन माझ्यासमोर दिव्यावर तापवली. ती पांढरी झाली, अंड्याच्या बलकाभोवतीचं शिजावं तशी. त्याचा चेहरा पडला. मला खाली बसवलं. म्हणाला, "मास्तर, लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे अंगातलं सत्त्व जातंय. मूत्रपिंडांना सूज आहे. मीठ बंद, शाळा बंद, अंथरुणातून उठायचं नाही." क्रिएटिनिनच्या मोजणीला लागणारं औषध संपलंय, ते मुंबईहून आलं की आकडा कळवतो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले. जागा गेली.
परत येताना घोडेगाव मागे पडल्यावर लक्षात आलं की सूज मला नाही. सहादेवला आहे.

१७ जानेवारी.
सहादेवला आजच सांगणार होतो. पण सांगायचं तर बाटलीचं सांगावं लागेल. मग योहानला कळणार, मग साहेबांना. शब्द नीट जुळवले पाहिजेत. उद्या.
दयाने आळणी भाकरी आणि आळणी वरण वाढलं आणि स्वतःही तेच घेऊन बसली. मी म्हटलं, तू कशाला? शेगडीकडे तोंड करून रडत होती.

१९ जानेवारी.
मास्तर आजारी पडले म्हणून सहादेव रोज सकाळी दूध घेऊन येतो आणि पाय चेपतो. सकाळी त्याचे डोळे बारीक दिसतात, गाल वर आलेले. मी विचारलं, झोप लागते ना? खूश होऊन म्हणाला, "अंग भरतंय मास्तर. ह्या साली लई जोर आलाय."
त्याचे हात माझ्या पायांवर होते. त्या वेळी सांगणं बरं दिसलं नसतं.

२२ जानेवारी.
आडून सुचवण्याचं ठरवलं. सहादेवला मिठाचे दुष्परिणाम या विषयावर चांगलं पाऊण तास सांगितलं. पहिलवानांनी तर मिठाला शिवूच नये म्हटलं. त्याला माझी कीव आली. फळीवर लोणच्याची बरणी होती, ती काढून घेतली. "डोळ्यापुढं असली की तुमचा जीव जाईल हिच्यात." घरी नेली. संध्याकाळी रतनबाई सांगत होत्या की सहादेवला लोणचं फार आवडलं.

२५ जानेवारी.
दया म्हणाली, तुमच्या पायांची सूज उतरली. खरंच उतरली आहे. पडून राहिल्याने.
रतनबाईंनी माझ्यासाठी शिंगणापूरला शनिवारचा नेम धरलाय. उन्हात पायी जातात. मी ख्रिस्ती माणूस, मला हे चालत नाही असं सांगायला हवं होतं. दुसरंही सांगायला हवं होतं.

२७ जानेवारी.
उद्या यात्रा. सहादेव निघायच्या आधी सांगून टाकायचंच. आता माघार नाही.

२८ जानेवारी. सकाळी.
तो लवकर गेला.

संध्याकाळी. दवाखान्यातून.
मी गेलो. अंथरुणातून उठून आखाड्यापर्यंत गेलो, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. सहादेव लंगोट कसत होता. त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, आज नको लढूस. का, म्हणाला. चारी बाजूंनी लोक होते, हलगी वाजत होती. मी म्हटलं, मला बरं वाटत नाही. तो म्हणाला, "तुमी सावलीला बसा मास्तर. येवढी मारतो आन् तुमाला घरी न्हेतो."
पकड झाली. थोडा वेळ चांगला खेळला. मग मधेच मातीत खाली बसला. समोरचा पहिलवानही थांबला. सहादेव डोक्याला हात लावून म्हणाला, दिसंना. मग ओकला. मग हातपाय झटके द्यायला लागले.
बैलगाडीत घालून इथे आणला. वाटभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रतनबाई म्हणत होत्या, "मास्तर, तुमी सोता येवढे आजारी आन् माझ्या लेकासाठी उठून आलात."

२९ जानेवारी.
योहानने खोलीत बोलावलं. आज उभा राहिला नाही. मला बसा असंही म्हणाला नाही.
मुंबईचं औषध परवा आलं, त्याने मोजणी केली. म्हणाला, "बाटलीत जेवढं क्रिएटिनिन आहे, तेवढं तुमच्या अंगातून निघायचं तर तुमच्यासारखे दोन मास्तर पाहिजेत. आणि रक्त बघितलं तर निरोगी माणसाचं. मी रात्रभर आकडे पुन्हा पुन्हा केले. मला वाटलं माझंच चुकलं." मग म्हणाला, "आज सकाळी मी सोनईला यायला निघणार होतो. काल पहिलवान दारात आला आणि सगळं जुळलं. बाटली त्याची ना?"
मी म्हणालो, नक्की आठवत नाही.
तो माझ्याकडे बघत राहिला. मी होकारार्थी मान हलवली.
"त्या दिवशी अंथरुणात पडला असता, मीठ सोडलं असतं, तर..." कपाटातून दुसरी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. आज इथेच राहायचं, समोरच्या बाकावर, असं म्हणाला. राहिलो. व्हरांड्यातून येणारेजाणारे बघत होते. एक थेंब बाहेर गेला नाही.

१ फेब्रुवारी.
माझी मूत्रपिंडं उत्तम आहेत. रक्तवाहिन्या जरा ढिल्या आहेत, जास्त उभं राहू नये, बाकी काही नाही. योहानने माझ्यादेखत सर्टिफिकेट लिहिलं, हातात दिलं. "आरोग्याचं मी लिहिलंय. दुसरं काही कुणी मला विचारलेलं नाही." एवढंच. खिशात ठेवलं. नगरला पाठवायचं की नाही त्याचा शांतपणे विचार करायला हवा.
सहादेवचे झटके थांबले. दिसायला लागलंय. जगेल, पण कुस्ती संपली. मूत्रपिंडं पूर्ववत होतील की नाही ते आज सांगता येत नाही, असं योहानचं म्हणणं.
दुपारी त्याच्या कॉटजवळ गेलो. ताटात आळणी भात होता, तो तसाच. गाल उतरले होते, एकदम पोरसवदा दिसत होता. योहान पलीकडे उभा राहून तक्ता लिहीत होता.
सहादेव म्हणाला, "मास्तर, त्या बाटलीतच निघालं म्हनं माझं दुखनं. डाक्टर म्हनले."
मी म्हटलं, हो.
"तुमाला कदी कळलं?"
योहानची लेखणी थांबली.
मी म्हणालो, "परवा."
योहान तक्ता अडकवून निघून गेला. सहादेवने थोडा विचार केला. म्हणाला, "मग तुमचा तरी काय इलाज हुता." आणि पाय आखडून घेऊन मला बसायला जागा करून दिली.
मी बसलो.