पाइपावरची पाच बोटं

सातारा, ३ फेब्रुवारी १९७५

परत काळे डाग! वितळलेल्या जस्ताच्या भट्टीतून पाइप वर आले चकचकीत — आणि अंगावर बोटाएवढे उघडे ठिपके. तिथे लोखंडानं जस्त धरलंच नाही. पाण्याच्या पाइपाला असे डाग म्हणजे तिथूनच गंज. सांगलीहून आलेल्या भाऊसो ठेकेदारांनी सगळा माल नाकारला.

आणि दोष कुणाचा? माझा! मुकादम गुंडा सगळ्यांसमोर मालकांना म्हणतो, "आवं आप्पासो, बाईमाणूस भट्टीपाशी हुबं ऱ्हातंय, मग जस्त धरंल कसं?" लोक हसले. मालकांनी मान डोलावली. ते जास्त लागलं.

इंजिनिअरिंगचा डिप्लोमा काय लांब उभं राहायला केला मी?

४ फेब्रुवारी

मालक म्हणाले, "विजयमाला, तुम्ही हापिसात बसा." बसणार नाही!

६ फेब्रुवारी

सापडलं! नाकारलेले पाइप फिरवून फिरवून पाहिले. प्रत्येकावर डाग पाच, शेजारी शेजारी. पाच बोटं!

मालकांच्या आई, रंगुबाई, दिवाळीत वाईहून राहायला आल्या. तेव्हापासून नवा माल उतरला की त्या प्रत्येक पाइपावर पाच बोटांनी तेलात कालवलेलं कुंकू लावतात. भट्टीआधी ॲसिडच्या हौदात रंग जातो, तेल राहतं. तेलावर जस्त बसणार कसं? आणि आम्ही सगळे हात जोडून बघत असतो — मीसुद्धा.

मालकांना सांगितलं. भडकले. "माझ्या आईचा हात वाईट म्हणताय?"

हात नव्हे, तेल! उद्या भाऊसो परत येणार आहेत, त्यांच्यासमोरच दाखवायचं.

७ फेब्रुवारी

भाऊसो आले. कुंकू लावलेले दोन पाइप घेतले. एक कॉस्टिक सोड्यानं धुतला, दुसरा तसाच. मग ॲसिड, मग भट्टी. पदर खोचून भट्टीपाशीच उभी राहिले, मुद्दाम! धुतलेला स्वच्छ निघाला. दुसऱ्यावर पाच डाग.

गुंडा पुटपुटला, "आयला, खरंच की रं!" रंगुबाई म्हणाल्या, "मग धू की बाई. मी कवा न्हाई म्हनले?"

१० फेब्रुवारी

आता सगळा माल सोड्यानं धुतात. आणि मालक? "तुमचं बरोबर निघालं. पण बाई भट्टीपाशी नको, असं लोकांच्या मनात एकदा आलंय. हापिसातच बसा."

राजीनामा टेबलावर ठेवला. भाऊसोंकडे काम मागायला निघाले. एस.टी.त सांगलीपर्यंत रडले. रागानं.

सांगली, २० फेब्रुवारी

भाऊसोंनी माल तपासायला मला नेमलं. सोमवारी पहिलीच तपासणी — सातारा, आप्पासोंचा कारखाना. माझा शिक्का बसल्याशिवाय एक पाइप फाटकाबाहेर जाणार नाही!