खिडकीची एक फट

माझ्या रागीट बायकोस,

मी ठणठणीत आहे. इथे नळातलं पाणीसुद्धा गोठलंय, पण तू उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस. सोबतचा सुतार आणि मी आता एकाच खोलीत झोपतो, म्हणजे ऊब टिकते. दाराखाली सतरंजीची गुंडाळी लावलीय. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी घेतो. सुतार असा घोरतो, की थंडीही घाबरून बाहेरच थांबत असेल.

फटी बुजवायला तू पाठवलेलं चिंध्यांचं गाठोडं मिळालं. माझा जुना सदरा, तुझा फाटका परकर, सगळं कामी आलं. तळाशी आपल्या छकुलीचं झबलं निघालं. चुकून आलं, की घरात तुला ते बघवेना? ती गेल्यापासून आपण तिच्याबद्दल बोललोच नाही गं. तू जेवतेस ना वेळेवर? आईचा खोकला कसा आहे?

एक फट उरली होती. सुतार म्हणाला, "अहो, ते फडकं कोंबा की तिथे." मी म्हटलं, "ते फडकं नाही." त्याने स्वतःचा मफलर काढून कोंबला.

झबलं मी स्वेटरच्या आत ठेवलंय. तिला वारा लागलेला तुला कधी चालायचा नाही.

तुझाच