कुंडावरची सुवासिनी

भिवंडी,
१७ नोव्हेंबर १९९१

प्रिय वाल्मीकदादा,

जयभीम. आम्ही दोघं बरी आहोत. तुझी आणि वहिनीची तब्येत चांगली असेल असं धरून लिहायला बसले आहे.

गेल्या रविवारी तू आमची नवी खोली बघून गेलास. चहा घेतलास आणि लगेच निघालास, त्यामुळे घर नीट दाखवायचं राहूनच गेलं. भिंतींना ह्यांनी स्वतः चुना दिला. समोर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, पण बाकीच्या भिंती ओक्याबोक्या दिसत होत्या. मी म्हटलं, छापील चित्रं आणू, स्वस्तात घर भरल्यासारखं दिसेल. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात फळांची टोपली लावली आहे ना, ती जुन्या कॅलेंडरवरची. पुठ्ठ्यावर चिकटवून बारीक पट्टीची फ्रेम करून घेतली. बाजूच्या कारखान्यात शिफ्ट सुरू झाली की लूमच्या धक्क्याने भिंत थरथरते आणि चित्रं वाकडी होतात. म्हणून प्रत्येक फ्रेमला दोन खिळे मारलेत. ह्यांना त्याचं फार कौतुक.

मोठ्या भिंतीसाठी मात्र काही मनासारखं मिळेना. दिवाळीआधी आम्ही तीनबत्तीजवळच्या फ्रेमवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी प्रिंटची गड्डी पुढे टाकली. धावणारे घोडे, धबधबा, बर्फाचे डोंगर. ते एकेक उलटत गेले आणि एका चित्रावर थांबून म्हणाले, "ये लो बहनजी, गाँव का सीन. बहुत चलता है."

दादा, त्या चित्रात आई होती.

अकलोलीच्या गरम कुंडाच्या पायरीवर बसलेली, पाय पाण्यात सोडलेले. भाताची लावणी संपली की ती गुडघे शेकायला जायची, तेव्हा मी तिथेच बसून ते काढलं होतं. ती म्हणायची, "माजं तोंड काय काढतेस, बाय? पाय काढ. राबतात ते पायच हायत." मी दोन्ही काढले. त्यात पायरीची सावली चुकून उजेडाच्याच बाजूला पडली होती. तूच ती चूक दाखवून हसला होतास. प्रिंटमध्येही सावली त्याच बाजूला आहे. ती तेवढी तू दुरुस्त केली नाहीस.

खाली छापलं होतं, 'सुवासिनी'. कोपऱ्यात तुझी सही.

आई गेली त्या वर्षी माझी दहा चित्रं तू मुंबईला घेऊन गेलास. "माझ्या प्रेसमध्ये चांगला कागद आहे, नीट बसवून आणतो," म्हणालास. पुढे पावसाळ्यात आलास आणि सांगितलंस की खोलीत पाणी शिरलं, सगळी चित्रं लगदा झाली. मी रडले तर तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. "पुन्हा काढशील गं," म्हणालास. पुन्हा काढायला मला आई कुठून मिळणार होती? त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. सहा वर्षं झाली.

दुकानात मला वाटलं, ह्यांना आत्ताच सांगावं. पण तुझी लाज मला वाटली. चाचांना हळूच म्हटलं, "नीचे का नाम पट्टी के अंदर ले लो." त्यांनी तशी फ्रेम करून दिली आणि आम्ही ती मोठ्या भिंतीवर लावली.

मग मी तुला बोलावलं, आणि तुझी खुर्ची मुद्दाम त्या भिंतीसमोर मांडली.

तू आलास, बसलास आणि वर बघितलंस. तुझा हात बशीवरच राहिला. मग उठून जवळ गेलास. मला वाटलं, आता वळशील आणि माझं नाव घेशील. मी दारातच उभी होते. तू खाली वाकून कोपरा पाहिलास. सही पट्टीखाली गेली आहे एवढी खात्री करून घेतलीस आणि म्हणालास, "छान आहे. कुठून आणलंस?"

"बाजारातून," मी म्हटलं.

"बाजारात हल्ली बरं मिळतं," तू म्हणालास आणि चहा संपवलास.

चित्रं नेलीस, खोटं बोललास, हे कदाचित मी गिळलं असतं. पोट सगळ्यांनाच आहे, प्रेसवाल्यांनी मागितलं असेल, असं मी स्वतःला किती दिवस समजावत होते. पण माझ्या घरात, आईसमोर उभं राहून तू मलाच विचारलंस, कुठून आणलंस.

तू गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ब्रश सोडलास तो ह्याच्यामुळे?" आणि फ्रेम उतरवून ठेवली. प्रेसमध्ये जाऊन जाब विचारतो म्हणत होते. मी जाऊ दिलं नाही.

आणखी एक सांगायचं आहे. बाबा गेले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, मी सहाची. त्यानंतर आईचं कपाळ आपण कायम मोकळंच पाहिलं. प्रिंट खपावा म्हणून तू तिला ठसठशीत कुंकू लावलंस, हातात हिरव्या बांगड्या चढवल्यास. लोकांना ती तशी आवडत असेल. परवा मी कागद आणला, पेन्सिल घेतली. पाय जमले. पण चेहरा काढायला गेले की ते कुंकू आधी येतं. डोळे मिटले तरी तेच. माझी आई माझ्या डोळ्यांतून तू पुसून टाकलीस.

मूळ चित्र तुझ्याकडे असेल तर टपालाने पाठव. रंग चढवून बिघडवलं असशील तरी पाठव, मी खरवडून बघेन. बाकीची नऊ कुठे आहेत ते खरं लिही. स्वतः मात्र येऊ नकोस. आलास तर दार हे उघडतील, पाणीही देतील. पण मी समोर येणार नाही.

वहिनीला यातलं काही माहीत नसेल तर हे पत्र तिला दाखवू नकोस. तिने तुझ्याकडे माझ्यासारखं बघावं असं मला वाटत नाही.

तुला दादा म्हणून लिहिलेलं हे शेवटचं,

बकुळा