पंक्चर नसलेली सायकल

बाबा, गेल्या रविवारी मी तुमची नक्कल केली आणि पकडले गेले.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता थोडं थांबावं लागतं. पण तुम्ही सायकल भिंतीला टेकवता, ते मात्र लगेच दिसतं. उरला भागातल्या सळयांच्या रोलिंग मिलमधून शिफ्ट संपवून तुम्ही बीरगांवच्या आपल्या खोलीशी येता, भुवयांवर काळी धूळ, रिकाम्या डब्यात चमचा वाजतो आहे, आणि शेजारचा पोट्टा हातात सळई घेऊन दारातून निघाला आहे. मुकादमानं त्याच्या बापाला चार माणसांत थापड मारली होती. त्याची माय मागून ओरडते आहे, पण त्याला धरायला कोणी पुढे होत नाही. तुम्हीही होत नाही. तुम्ही मागच्या चाकाशी खाली बसता, व्हॉल्व्हवर नख दाबून सगळी हवा सोडता आणि मग कपाळाला हात लावता. "चक्का उतरून गेला ना बे. मले एकट्यानं ढकलणं होत नाही. धर जरा मागून." मी भिंतीच्या आडून पाहत होते. तुम्ही माझ्याकडे डोळे मोठे केले, म्हणजे चूप राहा.

सायकल मागून धरायला दोन हात लागतात, म्हणून त्यानं सळई कॅरियरला अडकवली. मी मागे मागे आले. पंक्चरवाला आपल्या पाऱ्यातच, गल्लीच्या तोंडाशी होता, तरी तुम्ही त्याला पार लांब, ट्रकांच्या रांगेपलीकडच्या दुकानात नेलंत. वाटेत मुकादमाचं नावही काढलं नाहीत. "काय जेवला?" एवढंच विचारलंत. तो म्हणाला, "नाही जेवलो." "काहून?" "मायनं केलंच नाही आज." मग कितीतरी वेळ तुम्ही वांग्याच्या भाजीवर बोलत होता. त्या दुकानदाराला तुमची सवय ठाऊक असावी. त्यानं ट्यूब पाण्यात फिरवली, एकही बुडबुडा आला नाही, तरी त्यानं हवा भरून चहा सांगितला. परत येताना तो पोट्टा रडत होता, आणि सळई अशी धरून चालला होता की जणू बाजारातून घरासाठी आणली आहे. आई दारातच होती. "तुमची सायकल दुसऱ्याचा राग पाहून पंक्चर होते काय हो?" तुम्ही हातपाय धुवायला निघून गेलात.

आता मी समता कॉलोनीत राहते, सरकारी ऑफिसात बसते आणि रविवारी एका छोट्या संस्थेच्या हॉलमध्ये शिकवायला बीरगांवला येते. तिथं येणाऱ्या पोरापोरींपैकी कोणाचा भाऊ तुरुंगात असतो, कोणी शाळा सोडून टोळीत फिरत असतो. नोकरीच्या मुलाखतीत कसं बोलायचं, बँकेत खातं कसं उघडायचं आणि राग आला तर काय करायचं, हे आम्ही शिकवतो. रागाचा एक रंगीत तक्ताही आहे. त्यावर लिहिलंय, दहापर्यंत मोजा. एक अठरा वर्षांची पोट्टी पहिल्याच दिवशी म्हणाली, "दीदी, दस तक गिनूँगी तब तक तो सामनेवाला भाग जाएगा!" सगळा हॉल हसला, मीही हसले. तिची आजी यवतमाळकडची. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच देते. पुढच्या महिन्यापासून तिला आमच्या कॉलोनीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायचं आहे. तिच्या घरातली ही पहिलीच पगाराची नोकरी.

गेल्या रविवारी सगळे गेले तरी ती उठेना. चौकातल्या मोबाईलच्या दुकानातल्या एका मुलानं तिचा फोटो घाण मजकूर लिहून सगळीकडे पाठवला होता. ओढणीखाली तिच्या मनगटाला सायकलची चेन गुंडाळलेली होती. "आज उसका हाथ तोड़ के घर जाऊँगी," ती म्हणाली, अगदी शांतपणे. दवाखान्यातली नोकरी, पोलीस केस, पुढचं सगळं आयुष्य माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तक्ता भिंतीवरच होता. त्याकडे बोट दाखवायची मला लाज वाटली. मी बाहेर येऊन स्कूटरचं बटण दाबत राहिले. ब्रेक न दाबता, म्हणजे ती सुरूच होऊ नये. "सुरूच होऊन नाही राहिली गं. जरा ढकलू लागतेस?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मग चेन डिकीत टाकली आणि मागून हात लावला.

आम्ही चाललो. मी विचारलं, "काय जेवलीस?" ती म्हणाली, "मैगी. आधी भाई खा गया." मग भावाबद्दल बोलली, आजीच्या गुडघ्यांबद्दल बोलली, दवाखान्यात घालायचा ड्रेस आजी स्वतः शिवते आहे आणि बाह्या लहानमोठ्या झाल्या आहेत, हे सांगताना तर हसलीसुद्धा. चौक आला. उजवीकडे ते दुकान, डावीकडे पोलीस ठाणं. तिथं ती थांबली.

"दीदी, अब ब्रेक दबा के सेल्फ मारो. चालू हो जाएगी."

"तुला माहीत होतं?"

"हव. शुरू से."

"मग ढकलत काहून आली?"

"आप अकेली कैसे ढकलतीं?" तिनं ओढणीनं घाम पुसला. दुकानाकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "रिपोर्ट लिखवाऊँगी तो अंदर तक आओगी? कि बाहर गाड़ी पकड़ के खड़ी रहोगी?"

बाबा, हा प्रश्न तुम्हाला कधी कोणी विचारला नसावा. तुमची वाट पंक्चरच्या दुकानाशी संपायची. त्या पोट्ट्याला तुम्ही वाचवलंत, पण त्याच्या बापाला बसलेल्या थापडेचं पुढं काय झालं, मुकादमाला कोणी कधी जाब विचारला का, हे मला आजही माहीत नाही. तुम्हालाही ते खुपत असेल का? तुमची ती युक्ती मी चौकापर्यंत पुरवली. त्यापुढं काय करायचं ते तुमच्याकडून शिकायचं राहून गेलं होतं.

आम्ही ठाण्यात गेलो. तिथल्या पोलीसबाईंनी दोन खुर्च्या सरकवल्या. सगळं तिनंच सांगितलं, घाण शब्दांसकट. तक्रार लिहून घेतली. पुढं काय होईल ते होईल, पण त्या रात्री ती घरी जेवली आणि आज तिनं मला बाह्या सारख्या झालेल्या ड्रेसचा फोटो पाठवला आहे.

संस्थेत सगळे म्हणतात, तुम्ही तिला ठाण्यात नेलंत. मी मान डोलावते. खरं म्हणजे पायरीशी माझेच पाय थांबले होते. सरकारी नोकरीतली बाई मी, जन्मात ठाण्याच्या आत गेले नव्हते. तिनं मागे वळून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चलो ना दीदी, मैं हूँ." हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगता आलं.