डॉक्टरांसाठी एक कपाट

१ जून
आजपासून नियमित रोजनिशी. कारण या महिन्याअखेर माझं लग्न आहे आणि अशा वेळी माणसानं शिस्तीत राहावं.

लग्न अठ्ठावीस तारखेला, रजिस्टर पद्धतीनं. वय सत्तेचाळीस. (माझं. त्यांचं विचारलं नाही.) त्या दातांच्या डॉक्टर. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली. दाढेबरोबर अक्कलही गेली म्हणून लग्नाला होकार मिळाला, असं ताई म्हणते. म्हणजे, माझा होकार. ताई माझी मोठी बहीण. तिचे विनोद असेच असतात.

आज डॉक्टर पहिल्यांदाच घर बघायला आल्या. पॅसेजमध्ये वर्तमानपत्रांचे गठ्ठे असल्यामुळे तिरक्या होऊन आत आल्या. सगळं घर बघितलं. म्हणजे जेवढं दिसतं तेवढं. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि लगेच लावलं. आत कुणी आंघोळ करत असावं तसं.

चहा घेताना एवढंच म्हणाल्या, "मला एक कपाट लागेल. रिकामं. बाकी तुमचं तुम्ही बघा."

एक कपाट! मला हसूच आलं. कारखान्याचं अख्खं स्टोअर मी सांभाळतो. कुठला वॉशर कुठल्या रॅकवर, डोळे मिटून सांगेन. घर म्हणजे काय, दोन रविवारचं काम.

ठराव: वर्षभरात जी वस्तू वापरली नाही ती घराबाहेर. दयामाया नाही.
आणखी एक ठराव: डॉक्टरांना 'अहो डॉक्टर' म्हणणं बंद करून 'अगं' म्हणायला लागायचं.

३ जून
आज फक्त प्लॅनिंग. प्लॅनिंगशिवाय हात घालणं हा अडाणीपणा. तीन ढीग करायचे: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. तीन कागदांवर ठळक अक्षरात लिहिलं. जमिनीवर ठेवायला जागा नव्हती म्हणून भिंतीला चिकटवले. खोली एकदम ऑफिससारखी दिसायला लागली. समाधान वाटलं. लवकर झोपलो.

४ जून
कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात रिमोट निघाले. त्यांचे टीव्ही कधीच गेले, पण बटणं अजून काय छान दबतात! मग किल्ल्या. कुलपं नाहीत, पण आज किल्ली टाकली आणि उद्या कुलूप सापडलं तर? मग झाकणं. बरण्या फुटल्या, झाकणांचा त्यात काय दोष?

चौथा ढीग करावा लागला: 'विचार करू'.

संध्याकाळची परिस्थिती अशी. ठेवायचं: बरंच. द्यायचं: एक मफलर. टाकायचं: एक वाळलेलं पेन. विचार करू: पलंगभर.

खाली सतरंजीवर झोपतोय. पाठीला चांगलं असतं म्हणे.

५ जून
पेन गरम पाण्यात धरल्यावर चाललं! हे त्याच पेनानं लिहितोय. टाकायचा ढीग पूर्ण संपला. एक ढीग हातावेगळा.

८ जून
ताई आली. काळ्या पिशव्यांचं बंडल घेऊन, बाह्या सरसावून. म्हणाली, बाळ्या, लग्नाला तीन आठवडेही नाहीत आणि तू रिमोट पुसत बसलायस? मी म्हटलं, मी पद्धतशीरपणे चाललोय. ती म्हणाली, तू तिथेच बस, चालायचं मी बघते.

मग मला दूध आणायला पाठवलं. आता कळतंय, दूध घरात होतं.

परत आलो तर कपाटाचा खालचा कप्पा साफ. पिशव्या कुठायत म्हणून विचारलं तर म्हणाली, गेल्या. कुठे गेल्या म्हटलं, तर म्हणाली, जिथे जायला हव्या होत्या तिथे. बहीण आहे म्हणून गप्प बसलो.

९ जून, सकाळी
केवळ खात्री करून घ्यायला खाली कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी गेलो. वरवर बघणार होतो. पण एका पिशवीतून माझ्या जुन्या टेबल-फॅनची जाळी दिसली. जाळी शाबूत आहे, फक्त फॅन नाही. कंबरेपर्यंत आत वाकलो होतो तेवढ्यात मेजर आले.

मेजर म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. सैन्यात कधीच नव्हते, बँकेत होते, पण चालतात तसे. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं, छे, हे माझंच आहे. ते म्हणाले, "हो हो. आता तुमचंच." आणि खांद्यावर हात ठेवला.

तासाभरानं ते व्यायामाची सायकल घेऊन दारात. धापा टाकत. म्हणाले, घ्या, आम्हाला काही नको, आणि संकोच तर अजिबात नको. सगळा जिना ऐकत होता. इतक्या प्रेमानं आणलेल्या वस्तूला नाही म्हणणं असभ्यपणा.

तसाही लग्नाआधी थोडा व्यायाम हवाच. सायकल कपाटासमोर ठेवली. कपाट आता उघडत नाही, पण ती अडचण तात्पुरती.

पिशव्या त्याआधीच परत जागेवर.

१२ जून
माझी चूक कुठे होतेय ते सापडलं. सामान जास्त नाही, डबे कमी आहेत. स्टोअरमध्ये प्रत्येक गोष्टीला आपली पेटी असते, घरात ती नाही. दुपारी जाऊन झाकणवाले पारदर्शक प्लॅस्टिकचे बॉक्स आणले. भरपूर आणले. दुकानदार म्हणाला, दुकान टाकताय का?

सायकल अजून चालवली नाही. टॉवेल वाळत घालायला उत्तम.

१३ जून
बॉक्स आधी रिकामे ठेवायलाच जागा लागते हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. सध्या बाथरूममध्ये ठेवलेत. आंघोळ एका कोपऱ्यात उभं राहून करावी लागते. पाणी कमी लागतं.

१५ जून
शेवटचा उपाय. भंगारवाल्याला वर बोलावलं. तो दारातच थांबला. सगळीकडे नजर फिरवून म्हणाला, साहेब, आमच्या मालकांचं गोडाऊन बघितलंय, पण हे वेगळंच.

कौतुक म्हणून घेतलं.

वर्तमानपत्रांपासून सुरुवात करू म्हटलं. पण गठ्ठा उचलल्यावर वरच्याच पानावर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. 'आडवे: निश्चय, तीन अक्षरी.' ते सोडवल्याशिवाय कसं देणार? तो बिचारा ताटकळला. शेवटी म्हणाला, जातो मी, तुम्ही सोडवा.

त्याला सोडायला खाली गेलो आणि त्याच्या हातगाडीवर ती दिसली. न्हाव्याची खुर्ची! लाल रेक्झिन, मानेला टेकू, खाली दांडा. दांडा दाबला की वर जाते, सोडला की फुस्स करून खाली येते. मन भरून आलं. डॉक्टर दिवसभर अशाच खुर्चीपाशी उभ्या असतात. त्यांना इथे परकं वाटणार नाही.

मफलराच्या बदल्यात दिली त्यानं. वर आणायलाही मदत केली आणि मग हातगाडी घेऊन जवळजवळ पळतच गेला. घाईत असावा.

म्हणजे द्यायचा ढीगही संपला. चारांपैकी दोन ढीग साफ. ताईला फोन करून सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. भारावली असावी.

१८ जून
संध्याकाळी डॉक्टर आल्या. आधी न कळवता. खुर्ची बघितली. मी त्यांना बसवून वर-खाली करून दाखवलं. त्या वर गेल्या, खाली आल्या. म्हणाल्या, "छान आहे. कपाट?"

कपाटाचंच चाललंय, असं सांगितलं. सायकल सरकवून एक दार हातभर उघडलं. त्या फटीतून हात घालून डॉक्टरांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा बाहेर काढला. त्यात आईचे चष्मे. आई गेली तेव्हापासून तसेच आहेत. मला वाटलं आता त्या विचारणार, हे कशाला ठेवलेत. तसं काही विचारलं नाही. एकेक काढून ओढणीच्या टोकानं पुसला आणि परत ठेवला. म्हणाल्या, हे ठेवा हं.

मग जाताना दारात थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्या सामानाशी माझं भांडण नाही. मला फक्त एवढंच कळत नाही, या घरात आणखी कुणी राहायला येणार आहे असं तुम्हाला खरंच वाटतंय का?"

मी म्हटलं, अहो वाटतंय म्हणजे काय, अठ्ठावीस तारीख ठरलीय!

त्या म्हणाल्या, तारीख मलाही माहितीय. आणि गेल्या. जिन्यावर मागे वळून बघतात नेहमी. आज विसरल्या.

'अगं' म्हणायचंही राहिलंच.

१९ जून
कालच्या बोलण्यावर खूप विचार केला. कारखान्यातही दिवसभर तेच डोक्यात. एका फिटरला बेअरिंगऐवजी ब्रश दिला. शेवटी डबा खाताना लक्षात आलं, त्यांना काय म्हणायचं होतं ते. त्यांना जुनं कपाट आवडलेलं नाही. नवं हवंय. बायका स्पष्ट बोलत नाहीत.

२१ जून
नवं कपाट आलं! तीन दारी, आरसेवालं. आणणारे दोघं जण दारात कपाट घेऊन उभे. कुठे ठेवायचं म्हणून विचारत होते. बेडरूममध्ये 'विचार करू', मागची खोली नकोच, हॉलमध्ये खुर्ची. शेवटी एकच जागा मिळाली, हॉलच्या भिंतीला चिकटून, तेही वळवायला जागा नसल्यामुळे दारं भिंतीकडे करूनच बसलं. ते म्हणाले, साहेब, असं उघडणार नाही. मी म्हटलं, हरकत नाही, धूळ बसणार नाही.

पाठीमागून प्लायवूड दिसतं. त्यावर फोटो वगैरे लावता येईल.

२४ जून
रजा टाकली. आता हयगय नाही. सकाळपासून रात्र होईपर्यंत काम आणि फक्त काम.

दुपार: डब्यातले स्क्रू वेगळे केले. लांबीप्रमाणे. मग जाडीप्रमाणे. मग पुन्हा लांबीप्रमाणे, कारण तेच बरोबर होतं.

ताईचा फोन. किती झालं? शेवटच्या टप्प्यात आहे असं सांगितलं. कशाच्या शेवटच्या, असं विचारायला लागली तेव्हा रेंज गेली. म्हणजे मी घालवली.

२६ जून
आज मात्र खरोखर जमलं. सगळे बॉक्स भरले. 'विचार करू' पूर्ण आत. बॉक्सवर बॉक्स रचून पुढच्या दारालगत छतापर्यंत मनोरा केला. स्टोअरमधल्या लोकांनी बघावा असा. पलंग मोकळा. सायकल बाजूला. आणि जुन्या कपाटाचा एक कप्पा, फक्त एक, पण संपूर्ण रिकामा! पुसला. कागद अंथरला.

समोर खुर्चीत बसून बघत राहिलो. रिकामा कप्पा केवढा दिसतो. त्यात डॉक्टरांचे पांढरे कोट कसे दिसतील ते डोळ्यांसमोर आलं. कागद उचलून कप्पा पुन्हा पुसला. धूळ फार उडालीय घरात.

उद्या बाकीचे कप्पे. एका दिवसात आरामात होतील.

२७ जून
झोप लागली. दुपारी उठलो. इस्त्री, केस कापणं, बूट. कप्पे नंतर. एक कप्पा म्हणजेही तसं कपाटच.

२८ जून
लग्न झालं. रजिस्टर ऑफिसात ताई, मेजर आणि डॉक्टरांची कंपाउंडर अशा तिघांनी सह्या केल्या. सही करताना मी पेन दोनदा खाली ठेवलं तर डॉक्टर कानात म्हणाल्या, घाबरू नका, दुखणार नाही. सवयीनं तोंड उघडणार होतो.

मग सगळे घरी. डॉक्टरांच्या हातात एक सूटकेस. मी कुलूप काढलं, ऐटीत दार ढकललं. दार चार बोटं उघडलं आणि थांबलं.

मनोरा कोसळला होता. दाराच्या आतल्या बाजूला. सकाळी निघताना ताईनं दार आपटलं होतं, त्यात माझा काय दोष? फटीतून एक पारदर्शक बॉक्स आणि त्यात झाकणं दिसत होती. मेजरांनी खांदा लावला. "एक, दोन, तीन!" आत आणखी काहीतरी कोसळलं. मग आरसा फुटल्याचा आवाज. आरसे तर भिंतीकडे होते, फुटले कसे?

डॉक्टर जिन्यात सूटकेसवर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. ताईही हसली, कंपाउंडरही. मी पण हसलो, सगळे हसताहेत म्हणून. मग डॉक्टरांचं हसू थांबलं, पण डोळे त्या पुसतच राहिल्या.

मी धीर करून म्हटलं, "अगं..."

त्यांनी वर बघितलं. मग उठल्या. म्हणाल्या, "दवाखान्याच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. चल."

मी म्हटलं, हो, काही दिवस तिकडे राहू, तोवर मी इथलं...
त्या म्हणाल्या, "काही दिवस नाही. नुसता चल."

३० जून
डॉक्टरांच्या खोल्या. खिडकीत उजेड. टेबलावर टेबलाशिवाय काही नाही. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होतं. भिंतीवर माझ्यासाठी एक खुंटी ठरवून दिलीय. लग्नातला शर्ट तिच्यावर. दुसरा शर्ट ताईनं आणला, तिच्या नवऱ्याचा.

ताई सांगत होती, सुतारानं दार काढलं, पण आत पाऊल टाकायला तो तयार नाही. किल्ली आता ताईकडे राहील, असं दोघींनी ठरवलं. मला विचारलं. म्हणजे, ठरवल्यावर सांगितलं.

मग ताई म्हणाली, बाळ्या, खरं सांग, महिनाभर एवढा राबलास, शेवटी त्या घरातून बाहेर काढलंस तरी काय?

मी आठवायला लागलो. मफलर होता, पण त्याच्या बदल्यात खुर्ची आली. आठवतच होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून डॉक्टर म्हणाल्या, "स्वतःला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुरुवात म्हणून वाईट नाही.