काचेआडचं ऊन

३ डिसेंबर
पुन्हा तोच मच्छिंद्र, माझ्याबरोबरचा मदतनीस. दिवाळीत पडदे धुतले म्हणून त्याचं कौतुक, आता उन्हावरून त्याच्याशीच स्पर्धा. डॉक्टर म्हणाले, वृद्धाश्रमात सगळ्यांचंच व्हिटॅमिन डी कमी आहे. आधी रोज अकराचं ऊन द्या, तरी वाढलं नाही तर दुधातून औषधाच्या पुड्या. आश्रम चालवणाऱ्या वासंती मॅडमनी खालचा मजला त्याला दिला, वरचा मला. फेब्रुवारीत ज्याच्या मजल्याचे रिपोर्ट चांगले, तो सुपरवायझर. म्हणजे मीच. गावी आईला फोन करून झालोच म्हणून सांगितलं. गुडघ्यांचं औषध थांबवू नको, फेब्रुवारीपासून पाच हजार पाठवतो.

६ डिसेंबर
मच्छिंद्र म्हाताऱ्यांना अंगणात बसवून मटार सोलून घेतो. कामाला लावतो बिचाऱ्यांना. स्वयंपाकाची शकू पण तिथंच बसते. मटारमध्ये हसण्यासारखं काय असतं? मॅडमकडे तक्रार करणार.

७ डिसेंबर
तक्रार केली. मॅडम मटार सोलायला गेल्या.

१२ डिसेंबर
आयडिया सुचली. वरच्या गॅलरीला काचा आहेत. खिडक्या बंद, वारा नाही, धूळ नाही, ऊन फुल. आई साखरांबा काचेच्या बरणीतच उन्हात ठेवते, तोंड बांधून. मुरतो की नाही? मीही सगळ्यांबरोबर आत बसतो. मच्छिंद्रला सांगायचं नाही, कॉपी करेल.

२ जानेवारी
वरचे आप्पासाहेब रिटायर हेडमास्तर. आज त्यांना आईच्या बरणीचं सांगितलं, तर म्हणाले, "अहो बजरंगराव, झाकणाला भोक तरी पाडा." मला अहो म्हणतात. मच्छिंद्रला नुसतं मच्छ्या. कोणाला किती मान, दिसतंच.

१९ जानेवारी
आप्पासाहेब खाली मटार सोलताना सापडले. वर आणून काचेत बसवलं. गद्दारी चालणार नाही.

१५ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. खालचा मजला वाढला, वरचा जिथल्या तिथं. डॉक्टर म्हणाले, काचेतून ऊब येते, व्हिटॅमिन डी मिळत नाही. एवढं शिकलेत, आधी बोलायला काय झालं होतं? स्टाफचंही रक्त घेतलं होतं. सगळ्यात कमी माझं.

१७ फेब्रुवारी
सुपरवायझर मच्छिंद्र. पुड्याही तोच वाटणार. वरच्या मजल्यावर दुधाचे पेले घेऊन आला, शेवटचा माझ्यापुढं धरला. मला नको म्हणालो. आप्पासाहेब म्हणाले, "पी रे बजरंगा." पहिल्यांदाच अरे म्हणाले. प्यालो.
आईचा फोन. सुपरवायझरची आई म्हणून गावात मिरवतेय, गुडघ्यांचं महागातलं औषध सुरू केलंय. पाच हजार निघाले का, विचारत होती. निघाले म्हटलं.
पाठवले: नऊशे रुपये.