बिगूल कुणी वाजवायचा

२ जानेवारी

रुजू झाले! माजी सैनिक संघाच्या कार्यालयात लेखनिक, मुदत एक वर्ष. टेबलाच्या या बाजूला बसणारी आमच्या घरातली मी पहिली. आई सकाळी तीनदा म्हणाली, "लिहिताना घाई नको करूस." बाबा स्टँडवर ओझी उचलतात. त्यांनी माझी पिशवी कोपऱ्यापर्यंत आणली. आत फक्त डबा आणि पेन!

पहिल्याच पत्रावर शिक्का उलटा मारला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, मीच जाऊन अध्यक्षांना सांगितलं. ते सैन्यात कॅप्टन होते. म्हणाले, "वाचणारा मान वाकडी करेल, पोरी. तू कशाला करतेस?"

१९ जानेवारी

इमारतीच्या मागे एक दगड आहे. त्यावर तेवीस नावं – परत न आलेल्यांची. दर नोव्हेंबरात स्मृतिदिनाला तिथे बिगूल वाजतो. चाळीस वर्षं एकच माणूस वाजवतो, बिगुलवाले आजोबा. गेल्या आठवड्यात त्यांचे वरचे सगळे दात काढले. आज नवी कवळी लावून वाजवून बघितलं, तर पहिल्याच फुंकरीला कवळी बिगुलात! सगळे पोट धरून हसले. आजोबाही हसले. मग बिगूल कापडात गुंडाळला आणि माझ्याकडे दिला. "ठेव कपाटात." तेव्हा कुणी हसलं नाही.

३ फेब्रुवारी

बैठक. यंदा सलामीची ध्वनिफीत लावू, असं कुणीतरी म्हणालं. कोठारवाले काका ताडकन उठले. (सैन्यात त्यांच्याकडे कोठार होतं, सुईसुद्धा सहीशिवाय द्यायचे नाहीत म्हणे.) "डब्यातली सलामी? त्यापेक्षा दगडच उचलून न्या!" निर्णय नाही. चहा दोनदा झाला.

११ मार्च

सामानाची नोंद करताना बिगूल पुसला. पुसताना एकदा फुंकला. म्हशीला ठसका लागावा तसा आवाज! दारात आजोबा उभे. मी घाबरून माफी मागायला लागले.

"माफी राहू दे. पुन्हा फुंक."

२ एप्रिल

रोज जेवणाच्या सुट्टीत शिकते, मागच्या कोठीत. ओठ सुजले. आईला म्हटलं, मुंगी चावली. तासाभराने राहवेना, खरं सांगितलं. बाबा म्हणाले, "फुंकायचा पगार वेगळा का गं?"

२० मे

संघाची सहल तळ्यावर. नर्समावशी (लष्करी इस्पितळात तीस वर्षं) पत्त्यांत सगळ्यांना हरवतात आणि वर म्हणतात, "रडू नका, पट्टी बांधते." मी आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसले. दोन्ही हातांनी काठ धरून, पण बसले!

९ जुलै

काय केलं हे मी! आज साखर तपासणीचं शिबिर होतं. सगळे उपाशीपोटी दालनात रांगेत. मला वाटलं, कोठीचं दार जाड आहे, ऐकू जाणार नाही. आजोबांनी दिलेला सोपा धडा वाजवला. तो जेवणाचा बिगूल होता, हे मला ठाऊक, पण लक्षात कुठे!

बाहेर आले तर रांगच नाही. सगळे स्वयंपाकघरापाशी, हातात ताटली, एका ओळीत. दोघांच्या कोपराला अजून कापूस. संघाच्या स्वयंपाक्याने तर चूलही पेटवली होती! आपण का उठलो, ते एकालाही सांगता येईना. नर्समावशी सुई घेऊन ओरडत होत्या, "बसा! एकेकाचं रक्त काढते!"

रांगेत पहिला नंबर कोठारवाल्या काकांचा.

१० जुलै

मी स्वतःहून माफीचं पत्र लिहिलं. अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं आणि हसून हसून चष्मा काढला. मग म्हणाले, "स्मृतिदिनाला हीच वाजवेल. काय हरकत आहे?"

कोठारवाले काका म्हणाले, "हरकत आहे. ही सैनिक नाही. सैनिकाने वाजवला नाही तर त्या बिगुलाला अर्थ नाही."

नर्समावशी म्हणाल्या, "मग काल ताटली घेऊन कशाला उभे होतात?"

दालन दणाणलं. काका मात्र हसले नाहीत.

५ ऑगस्ट

मतदान. बाजूने सात, विरुद्ध पाच. इतिवृत्त मलाच लिहायचं होतं, स्वतःबद्दलचं! 'लेखनिक' असं लिहिलं, 'मी' नाही. काकांचं म्हणणं शब्दन् शब्द लिहिलं: "जेवणाला हाक कुणीही मारावी. दगडापुढे वाजवणाऱ्याला ती माणसं माहीत पाहिजेत. हिला कोण माहीत आहे?"

काकांनी चष्मा लावून वाचलं. "काटछाट नाही केलीस," एवढंच.

पण त्यांचं म्हणणं मला पटतं. हेच तर वाईट! मतदान जिंकलं, हक्क कुठे मिळाला?

६ ऑगस्ट

दगडासमोर वही घेऊन बसले. तेवीस नावं उतरवली. आता विचारत सुटणार. त्यांचं शौर्य दालनातल्या फलकावर आहे. मला माणसं हवीत.

१४ सप्टेंबर

सतरा झाली. तिसऱ्याला पोहता येत नव्हतं, तरी नदीला सगळ्यांआधी उतरायचा. नववा दुसऱ्यांची प्रेमपत्रं लिहून द्यायचा, एका विडीला एक. चौदाव्याचे बूट सगळ्यांत मोठे. त्यात मांजरीने पिल्लं घातली, म्हणून तो दोन दिवस अनवाणी. सांगताना म्हातारे एकमेकांना खोडून काढतात – "पिल्लं चार!" "पाच!"

मी चार-पाच असं लिहिलं.

८ ऑक्टोबर

बावीस. राहिलं फक्त अकरावं. त्याला ओळखणारे एकटे कोठारवाले काका. चार दिवस धीर झाला नाही. आज विचारलं. ते कोठीचं कुलूप तपासत राहिले. मी परत निघाले, तर पाठीमागून आवाज आला – "घोरायचा. ऐकल्याशिवाय झोप यायची नाही मला."

वही उघडली नाही. लक्षात राहील.

३ नोव्हेंबर

हयातीचे दाखले भरायची धांदल. नियमाप्रमाणे प्रत्येकाला विचारते, "आपण हयात आहात ना?" बिगुलवाले आजोबा: "घरी विचारून सांगतो." नर्समावशी: "संध्याकाळपर्यंत तरी आहे, लवकर शिक्का मार!"

१६ नोव्हेंबर

स्मृतिदिन.

झालं. वाजवलं.

आजोबा बाजूला उभे राहून म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस. दगडाकडे बघ." बघितलं. तिथे अनवाणी माणूस होता, पत्रं लिहिणारा होता, घोरणारा होता. मग फुंकलं. पण शेवटून दुसरा सूर तुटला. स्पष्ट तुटला. सर्वांनी ऐकला.

आई म्हणाली, "शेवटी तुझा श्वास अडकला ना? माझाही." बाबा स्टँडवरून तसेच आलेले, खांद्यावर ओझ्याचं फडकं. ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला सांगत होते, "आमची आहे ती."

कोठारवाले काका चहा न घेता फाटकाबाहेर गेले. चहा न घेता! असं कधी झालं नाही.

२४ नोव्हेंबर

काका आठ दिवस आले नाहीत. तो सूर माझ्या कानातून जात नाही.

५ डिसेंबर

वार्षिक अहवाल लिहितेय. शिबिरं, सहल, झाडं लावली ती सगळी. (साठ लावली, एकेचाळीस जगली. साठच लिही, अध्यक्ष म्हणाले. मी दोन्ही आकडे लिहिले.) स्मृतिदिनाखाली लिहिलं: 'एक सूर चुकला.' अध्यक्ष म्हणाले, "हे खोड." नाही खोडलं.

काका अजून नाहीत. एक तारखेला माझी मुदत संपते.

२९ डिसेंबर

काका आले. नमस्कार नाही, काही नाही. टेबलावर कागद ठेवला. "आवक नोंद कर."

अर्ज होता: 'माझ्या अंत्यविधीला बिगूल संघाच्या लेखनिकेनेच वाजवावा. इतर कोणी नको. शेवटून दुसरा सूर तुटला तरी चालेल.' खाली सही.

मी आवक वही उघडली. मागे उभ्या नर्समावशींनी अर्ज वाचला. दुपारपर्यंत तसे आणखी अकरा आले, बिगुलवाल्या आजोबांचा सगळ्यांत वर. अध्यक्ष माझी मुदतवाढ लिहिता लिहिता म्हणाले, "बघ, केवढं काम पडलंय!"

बाराही अर्जांवर लाल शाईने शेरा मारला: प्रलंबित ठेवावा.